घाट टाळून रत्नागिरीला

बोटीने जायचं हे मी ठरवलं तेव्हा आमच्या घरात बोटीचा प्रवास केलेलं एकही माणूस नव्हतं. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, सगळी हयात मुंबईच्या गोदीत गेली होती. पण तो बोटीत माल चढवायचा आणि बोट सुटायच्या आधी खाली उतरायचा. "मी बघितलेली बोट कायम बांधलेली," असं तो म्हणायचा. मी त्याच्याच कमाईवर बी.ए. झालो. आमच्या भावकीत कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, आणि महाडच्या हायस्कुलात नोकरीला लागलो तोही त्याच्यामुळे. म्हणून त्याच्या मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा मी त्यात पडलो, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

दादाचं घर आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूरपासून आत, आमच्या मूळ वाडीतच होतं. तो मुंबईला, इकडे भात, नाचणी, म्हैस आणि मुलगी सगळं वहिनी बघायची. माझ्या पुतणीने त्या मार्चला दहावीची परीक्षा दिली होती. चांगले मार्क पडणार याबद्दल तिच्या शिक्षकांनाही शंका नव्हती आणि मला तर नव्हतीच. तिला शिक्षिका व्हायचं होतं. रत्नागिरीला डी.एड.ची सोय होती आणि वहिनीची धाकटी बहीण तिथेच नांदत होती. मुलगी परक्या घरी राहणार नव्हती, म्हणजे वहिनीची मोठी अडचण आपोआप मिटत होती. उरला होता फक्त रस्ता.

पुतणीला गाडी लागायची, आणि ती साधीसुधी नव्हे. शाळेच्या सहलीला महाबळेश्वरला जाताना आंबेनळीच्या पहिल्याच वळणांवर तिने जे सुरू केलं ते वर पोहोचेपर्यंत थांबलं नाही, आणि उतरतानाही तेच झालं. तेव्हापासून ती पोलादपूर ते महाड या सपाटीच्या रस्त्याशिवाय कुठल्याही एस.टी.त चढली नव्हती. लग्नं, बारशी, मामाचं गाव, सगळं तिच्याविना पार पडायचं. वाडीतली पोरं तिला बघून गाडीचा आवाज काढायची. आणि रत्नागिरीच्या वाटेवर तर पोलादपूर सोडलं की लगेच कशेडी घाट, मग भोस्ते, मग परशुराम.

"भावजी, हिच्या अंगातच ताकद नाय," वहिनी म्हणाली. आम्ही ओटीवर बसलो होतो आणि ती नाचणी पाखडत होती. "घाट सोसत नाय ती परगावात काय सोसणार? आजारी पडली तर मी हितून धावत जाऊ काय?"

"वहिनी, गाडी लागणं हा आजार नाही."

"मग काय हाय? मला नाय कधी लागली ती?"

हे खरं होतं. वहिनी दर मार्चला चवदार तळ्यावर यायची ती उघड्या ट्रकमधून, फळीला धरून, उभ्याने. ट्रक कितीही उसळला तरी तिच्या डोक्यावरचा पदर हलायचा नाही. जिला कधी काही झालंच नाही, तिला हे समजावायचं कसं, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. पुतणी दारात उभी होती. नखाने चौकटीचा रंग खरवडत राहिली.

तेव्हा मला बोटीची कल्पना सुचली. समुद्रात घाट नसतो. मुंबईपर्यंतचा रस्ता बहुतेक सपाट, तिथून बोटीने थेट रत्नागिरी. खाली जायला आधी वर जायचं, हा द्राविडी प्राणायाम होता हे मलाही कळत होतं. पण मे महिन्याची सुट्टी होती, माझा मुलगा सहा वर्षांचा होता, त्याला आणि बायकोला मी कधी कुठे नेलं नव्हतं. सगळ्यांना मिळून एक प्रवास घडेल, पुतणी मावशीच्या घरी पोहोचेल, आणि ती लांबचा प्रवास करू शकते हे वहिनीला दिसेल, असा माझा हिशेब होता.

वहिनीने तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "आणि जूनात? पावसात बोट बंद असते असं हिचे बाबा सांगतात. तेव्हा काय पोहत जाईल?"

"आधी मेमध्ये तर जाऊ दे."

"मग मी पण येते. माझ्या डोळ्यांनी बघते. पोरगी बोटीत आडवी झाली, तर परत रत्नागिरीचं नाव काढायचं नाय. कबूल?"

मी पुतणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग मीही कबूल म्हणालो.

बोट निवडण्याचं काम मी मनापासून केलं. आमच्या शाळेच्या कचेरीतल्या एका कारकुनाची सासुरवाडी रत्नागिरीची होती आणि तो बोटीने जाऊन आला होता. मधल्या सुट्टीत मी त्याला गाठून इतके प्रश्न विचारले, की तो म्हणाला, "सर, तुम्ही बोट विकत घेताय का?"

मला वाटेल ती बोट चालणार नव्हती. बरोबर सहा वर्षांचं एक मूल आणि सोळा वर्षांची एक मुलगी होती, आणि या दोघांच्या गरजा अगदी वेगळ्या. घारापुरीची लाँच मुलाला आवडली असती, पण ती तासाभरात पोहोचवते. पुतणीचं त्यातून काहीच सिद्ध झालं नसतं. रेवसच्या लाँचचंही तेच. थेट गोव्याला जाणारी बोट रात्रभर चालायची. तरुण मुलीला उघड्या डेकवर अनोळखी माणसांत झोपवायला वहिनी कधीच तयार झाली नसती, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. उरली ती बंदरं घेत जाणारी बोट. सकाळी निघायची, दिवसाउजेडी किनाऱ्याकिनाऱ्याने जायची आणि संध्याकाळी रत्नागिरीला उतरवायची. मुलाला बघायला बंदरं, होड्या, चढणारी-उतरणारी माणसं होती. कठड्याला जाळी आहे का, हे मी दोनदा विचारून घेतलं. केबिन घ्यायची नाही हेही ठरवलं. बंद खोलीत मूल रडतं आणि मोठी मुलगी गुदमरते. वरच्या डेकवर वारा असतो, चालायला जागा असते, आणि सोळाव्या वर्षी माणसाला सगळ्यात जास्त हवी असते ती आईच्या नजरेपासून दहा पावलं लांब जाण्याची सोय.

आजही कोणी मला मुलाबाळांना घेऊन बोटीच्या सहलीबद्दल विचारलं तर मी एवढंच सांगतो: लहानाला बघायला काय आहे आणि मोठ्याला फिरायला किती जागा आहे, हे आधी विचारा; जेवणाखाणाचं आणि गादीउशीचं नंतर. ती निवड मी तेव्हा अंदाजाने केली होती, पण ती बरोबर होती.

एक गोष्ट मात्र मी कारकुनाला विचारलीच नाही: बोटीत बसायचं कुठे. ते मला माहीतच होतं. घाटाखालच्या कुठल्याही माणसाला ते माहीत असतं. ज्याला गाडी लागते त्याने पुढे बसायचं. मागच्या बाकांवर आदळआपट फार, पुढे कमी. आंबेनळी चढायच्या आधी आमच्याकडचा कंडक्टर गाडीतून हाळी द्यायचा, "कोणाला लागते? पुढे या!" आणि ड्रायव्हरच्या मागची जागा लोक न बोलता रिकामी करून द्यायचे. हातात लिंबू, खाली वर्तमानपत्राची घडी आणि पुढची जागा, हा आमचा इलाज.

मुंबईपर्यंत त्याच इलाजावर आलो. पुतणीने पूर्ण वाट डोळे मिटून आणि लिंबू हुंगून काढली. कर्नाळ्याच्या चढाला तिचा चेहरा उतरला, पण तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आम्हाला भाऊच्या धक्क्यावर घेऊन गेला. डेकवरच्या जागा धरण्याची तिथे एकच घाई असते. लोक बोट लागताच पळत चढतात आणि चटई, चादर, जे हाती असेल ते अंथरतात. ज्याची चादर त्याची जागा. दादाने गोदीच्या सवयीने सगळ्यांच्या आधी बोटीवर चढायची फळी गाठली आणि वळून ओरडला, "कुठली धरू रे?"

"पुढची! एकदम पुढची!" मी खालून ओरडलो.

त्याने अगदी टोकाजवळ आमची दोन्ही कांबळी पसरली. मला नवल वाटलं ते एवढंच, की तिथे फारशी गर्दी नव्हती. लोक मध्ये आणि मागे दाटीवाटीने बसत होते. आपल्याला चांगली जागा मिळाली म्हणून मी खूश झालो. दादा खाली उतरताना वहिनीला म्हणाला, "समुद्र बघ. मी पण नाय बघितला असा." वहिनी म्हणाली, "तुमी घरी या शेतावर, मग बघू समुद्र." दोर सुटले, आणि दादा धक्क्यावर लहान होत गेला.

बंदराच्या आत होतो तोपर्यंत सगळं छान होतं. मुलगा जाळीला नाक लावून प्रत्येक होडीला हात करत होता. वहिनीने डबा सोडून सगळ्यांना तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. पुतणी भाकरीचा तुकडा हातात धरून वाट बघत बसली होती. ते कधी सुरू होतं याची. बायको तिला म्हणाली, "खा गं, काही होत नाही." तिने एक घास खाल्ला. आम्ही सगळेच तिच्या तोंडाकडे बघत होतो.

बोट खुल्या समुद्रात आली आणि आमच्या खालची जमीन वर जायला लागली. ती सावकाश वर जायची, क्षणभर थांबायची आणि मग एकदम खाली यायची. पोटही तिच्याबरोबर, पण थोडं मागून. आंबेनळीचं कुठलंही वळण यापुढे काहीच नव्हतं. मी लिंबू काढलं आणि पुतणीपुढे धरलं.

"काका, मला नको," ती म्हणाली. "आईला द्या."

वहिनी कठड्याला धरून बसली होती. तोंडाला पदर लावलेला. कपाळावर घाम.

"वहिनी?"

"काय नाय झालं," वहिनी म्हणाली, आणि पुढच्याच लाटेला जाळीकडे वळली.

त्यानंतर तिने जे भोगलं ते मी सविस्तर लिहीत नाही. ती माझ्यापेक्षा मोठी आहे आणि तिचा मान आहे. अर्ध्या तासात ती कांबळ्यावर आडवी होती. ट्रकमध्ये उभ्याने येणारी ती बाई माझं मनगट धरून म्हणत होती, "भावजी, माझं काय खरं नाय. म्हशीला शेजारची बघेल. पोरीचं तेवढं बघा."

माझीही अवस्था फार चांगली नव्हती. बायको वहिनीचं डोकं चेपत होती. आणि पुतणी? ती जाळीपाशी उभी होती, वाऱ्याकडे तोंड करून, स्वतःलाच नवल वाटावं तशी. "मला ते बंद गाडीत होतं," ती नंतर मला म्हणाली. "डिझेलचा वास आणि काच लागत नाही की उघडत नाही अशी. हितं कसला वास पण नाय." तेवढ्यात मुलाने तिचा हात ओढायला सुरुवात केली. त्याला बोट बघायची होती. ती त्याला घेऊन गेली.

ती दोघं बराच वेळ आली नाहीत. मी उठून शोधायला जावं म्हटलं तर मलाच उभं राहवेना. आली ती पळत आली. मुलाच्या हातात बिस्किट होतं.

"काका, मध्ये जिना हाय ना, त्याच्या बाजूला चहावाल्याचं टेबल हाय," पुतणी म्हणाली. "भरलेले ग्लास ठेवलेत त्याच्यावर. सांडत पण नायत! आपणच तेवढे वर-खाली होतोय. आईला तिकडे न्यायचं."

"तिकडे जागा कुठली?"

"मी विचारलंय. एक आजी हाय, सरकते म्हणाली."

तिने आणि माझ्या बायकोने वहिनीला दोन्ही बाजूंनी धरलं. मी कांबळी आणि डबे घेतले. जिन्याजवळ खरोखरच बोट शांत होती. हलायची, पण पाळण्यासारखी. तिथे बसलेल्या मालवणकडच्या आजीबाईंनी पाय आखडून जागा केली आणि आमच्याकडे नीट बघून विचारलं, "थंय टोकाक कित्याक बसलात ओ? डोंगरातली माणसां की काय?"

वहिनीच्या अंगात बोलायची ताकद नव्हती, पण तिने डोळे उघडले. "डोंगरातलीच," ती म्हणाली. "तुमी या आमच्या घाटात. मग बघते."

आजीबाई इतक्या हसल्या, की त्यांनी आपल्या पिशवीतलं आलं काढून वहिनीला चघळायला दिलं. रत्नागिरीपर्यंत वहिनी लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. पुतणी मधून मधून पाण्याने तिचं तोंड पुसायची आणि सांगायची, "आई, डोळे मिटू नको. लांब बघ, किनारा दिसतोय तिकडे बघ. दात आवळू नको." हे सगळं तिचं स्वतःचं, वर्षानुवर्षं भोगून शिकलेलं होतं. बाकी आम्ही कोणीच त्यातलं काही जाणत नव्हतो. मुलगा प्रत्येक बंदराला धावत येऊन बातमी द्यायचा: गाय चढवली, टोपल्या उतरवल्या, एक माणूस पडता पडता वाचला.

रत्नागिरीला बोटीतून होडीत आणि होडीतून धक्क्यावर उतरलो. वहिनीला होडीवाल्या दोघांनी जवळजवळ उचलूनच ठेवलं. ती एका ओंडक्यावर बसली. आम्हाला घ्यायला आलेले मावशीचे यजमान टांगा बघायला गेले होते. थोडा वेळ गेला, आणि वहिनी एकदम सरळ बसली. तिने आपल्या पोटावर हात ठेवून बघितला.

"गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं?" मी विचारलं.

"सगळं. गेलं की! भूक लागली मला." आणि मग लेकीकडे वळून, "एवढंच असतं काय गो?"

"एवढंच असतं," पुतणी म्हणाली. "उतरलं की जातं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाय?"

"सांगत होते. तू म्हणायचीस, अंगात ताकद नाय."

वहिनीने पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, "आज माझ्या अंगात कुठं होती?" आणि हसायला लागली. पुतणीही हसली, पण तिचे डोळे भरलेले मी पाहिले. मी मुलाला घेऊन थोडा बाजूला गेलो.

मावशीकडे चार दिवस मजेत गेले. परतायची वेळ आली तेव्हा वहिनीने जाहीर केलं, की तिचा जीव गेला तरी ती बोटीत पाय ठेवणार नाही. म्हणजे परतीचा रस्ता एस.टी.चा, परशुराम, भोस्ते आणि कशेडी यांच्यासह. मला वाटलं, झालं! जे टाळायला एवढा वळसा घेतला तेच पुढ्यात आलं, आणि तेही वहिनीसमोर. मी म्हणालो, "आम्ही चौघं बोटीने जातो, वहिनी, तुम्हाला गाडीत बसवून देतो."

"नको काका," पुतणी म्हणाली. "मी आईबरोबर गाडीने येते. जूनात बोट नसणारच हाय."

मग आम्ही सगळेच गाडीने निघालो. तिला खिडकी दिली, काच उघडणारी. परशुरामला तिला लागली. कशेडीत तर फारच लागली. वहिनी तिच्या शेजारी बसली होती. एक हात तिच्या कपाळावर, एका हातात पिशवी. त्या पूर्ण वाटेत वहिनी 'ताकद' हा शब्द बोलली नाही. फक्त मधून मधून म्हणायची, "लांब बघ गो. दात आवळू नको." मागून कोणीतरी कुरकुरलं तेव्हा वहिनीने मान वळवून एवढंच विचारलं, "तुमी बोटीत बसलाय काय कधी?"

पोलादपूरला उतरलो. पुतणी नळाशी जाऊन चूळ भरत होती. स्टँडवर आमच्या वाडीतली एक बाई भाजीची पाटी घेऊन गाडीची वाट बघत होती. तिने पोरीकडे पाहिलं आणि वहिनीला म्हणाली, "परत लागली वाटतं? आणि म्हणे रत्नागिरीला शिकायला जाणार. घाट उतरत नाय तिच्याच्याने!"

"उतरली की," वहिनी म्हणाली. "ही काय उभी हाय तुझ्यापुढं. जूनात जाणार ती. ओकत जाईल आणि उतरली की बरी होईल. ओकून कोण मरत नाय, मी बघितलंय."

मी पिशव्या उचलत होतो, तो थांबलो. पुतणीने नळ बंद केला, ओढणीने तोंड पुसलं आणि आईकडे बघितलं. वहिनी दुसरीकडेच बघत होती. त्या बाईच्या पाटीतले टोमॅटो चाचपत होती.

"काका, सकाळची रत्नागिरीची गाडी हितं किती वाजता येते?" पुतणीने विचारलं.

"मला नाही माहीत."

"विचारून येते," ती म्हणाली, आणि कंट्रोलरच्या खिडकीकडे निघाली. माझा मुलगा तिच्यामागे पळाला.